शंभर रुपयांचे भूत

'झोंबी' म्हटले की आम्हां मराठी शिकवणाऱ्यांना आधी आनंद यादवांची १९८७ सालची आत्मचरित्रात्मक कादंबरी आठवते. विद्यार्थ्यांना मात्र त्या शब्दासरशी चालतेफिरते मुडदे दिसतात. २०२२ च्या 'झोंबिवली' चित्रपटाने तर हे मुडदे थेट डोंबिवलीत आणून सोडले. मग अमरावती-अकोल्याच्या एकांकिकांनीच काय घोडे मारले आहे? मौज अशी की, भुताखेतांच्या नादावर आयुष्यभर कोरडे ओढणाऱ्या गाडगेबाबांचे नाव ज्या विद्यापीठाला आहे, त्याच्याच महाविद्यालयांतून आम्ही भुते रंगवीत असतो!

"सर, काहून घोर करता? पावडर फासली का झालं भूत!" असे पोरे म्हणतात. पण सावळ्या चेहऱ्यावर पांढरी पावडर फासली की भूत होत नाही, सर्कशीतला विदूषक होतो. शिवाय मान आणि हात जिवंत माणसाचेच राहतात, ते निराळेच.

यावर उपाय किराणा दुकानात आहे. मुलतानी माती पाण्यात सरसरीत कालवावी, तिच्यात कोळशाची वस्त्रगाळ पूड चिमूटभर घालून राखी रंग आणावा, आणि चेहरा, मान, कान, हात सगळीकडे लावावी. वाळत आली की नटाला तोंड वेडेवाकडे करायला सांगावे. वैशाखात आपली काळी जमीन भेगाळते, तशी कातडी भेगाळते. ओठही मातीनेच मारावेत. लाल ओठांचा मुडदा कोणी पाहिला आहे? डोळ्यांच्या खोबणी घरी धरलेल्या काजळाने खोल कराव्यात. सुरमा नको, त्यात शिसे असते.

जखमेची जागा मात्र मातीविना कोरी ठेवावी. व्हॅसलीनमध्ये मैदा मळून पुरणाइतका घट्ट गोळा करावा, गालावर थापून कडा बोटाने विरवाव्यात आणि चमच्याच्या दांड्याने चीर पाडावी. चिरेत पिंजलेला कापूस. वऱ्हाडात त्याला काय तोटा! रक्त म्हणजे साखरेचा घट्ट पाक, खाण्याचा लाल रंग आणि कणभर कॉफी. (मुंग्या भुतालाही सोडत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.) जॉर्ज रोमेरोने १९६८ मध्ये 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला, तेव्हा रक्त म्हणून चॉकलेटचे सरबतच वापरले होते. चित्रपट कृष्णधवल, म्हणून खपले. रंगमंचावर निराळी अडचण येते. दिग्दर्शकाला भुतासाठी निळा प्रकाश हवा असतो, आणि निळ्यात लाल रक्त काळे दिसते. तेवढ्यापुरता पांढरा झोत मागून घ्यावा.

खर्च शंभर-सव्वाशे रुपये. पण स्वस्ताईच्या नादात पोरे भलतेच काही उचलतात, तिथे मी वाईटपणा घेतो. जुन्या रंगपटातली नावे ऐकून कोणी हिंगूळ आणतो, कोणी हरताळ. हिंगुळात पारा, हरताळात सोमल! सफेदाही शिशाचा असू शकतो. कोणी जुना सेल फोडून आतली काळी पूड डोळ्यांखाली लावू पाहतो, तर कोणी जखम चिकटवायला लाकडाचा डिंक घेऊन येतो. हे सारे रंगपटाच्या दाराबाहेर. निरुपद्रवी वस्तूही आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावी. खाज सुटली तर ती त्या नटाला वर्ज्य.

प्रयोग संपला की माती खरवडू नये. ओल्या फडक्याने भिजवून सुटू द्यावी. काजळ आणि व्हॅसलीन खोबरेलाने टिपावे, मग डाळीचे पीठ, शेवटी साबण. डोळ्यांजवळ चोळणे नाही, मग गावाकडची शेवटची बस चुकली तरी चालेल.