विश्लेषण : शिक्षा भोगून आलेला गुन्हेगार उपासनेला आला तर? चर्चपुढचा पेच काय?

तुरुंगातून सुटलेला माणूस रविवारी चर्चमध्ये येऊन बसला, तर कोणाची हरकत असू नये, असे वरवर वाटते. पण त्याचा गुन्हा लहान मुलावरील लैंगिक अत्याचाराचा असेल आणि पुढच्याच बाकावर एखादी आई दोन मुलांना घेऊन बसली असेल, तर? अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधील चर्च गेली तीन दशके या प्रश्नाशी झगडत आहेत. काही ठिकाणी तो न्यायालयातही पोहोचला.

कार्ल्सबॅडमध्ये काय घडले?

कॅलिफोर्नियातील कार्ल्सबॅड येथे पिलग्रिम युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट हे उदारमतवादी चर्च आहे. २००७ च्या सुरुवातीला तिथे एक माणूस आला. मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठी त्याला शिक्षा झाली होती आणि त्याने ते लपवले नाही. पाळक मॅडिसन शॉकली यांनी हा विषय सगळ्या मंडळीसमोर ठेवला आणि निर्णय होईपर्यंत त्याला न येण्यास सांगितले. मग कळले की, बाकांवर बसणाऱ्यांमध्ये बालपणी अत्याचार सोसलेली माणसेही आहेत. ‘सर्वांचे स्वागत’ म्हणणारे चर्च या एका माणसाला कसे नाकारणार, असे काही जण विचारत होते. तो आत आला तर आम्ही बाहेर, असे दुसरे सांगत होते.

या वादात एक गोष्ट सहसा निसटते. ज्याने खरे सांगितले, त्याच्याबद्दल सभा भरल्या. न सांगणारा मागच्या बाकावर निवांत बसला असता. त्यामुळे प्रामाणिकपणाची किंमत फार चढी ठेवली, तर चर्च अधिक सुरक्षित होते की कमी, हा साधा हिशेबही मांडायला हवा.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत १९९६ च्या ‘मेगन्स लॉ’नंतर लैंगिक गुन्हेगारांची माहिती जनतेला खुली झाली. पुढे राज्यांनी त्यांच्या वावरावर बंधने आणली. नॉर्थ कॅरोलिनात मुलांसाठी असलेल्या जागेपासून ३०० फुटांच्या आत जाण्यास मनाई होती. बहुतेक चर्चमध्ये संडे स्कूल किंवा पाळणाघर असते, म्हणजे उपासनेला जाणे हाच गुन्हा ठरू शकत होता. २००९ मध्ये एकाला त्यावरून अटकही झाली. २०१६ मध्ये संघराज्य अपील न्यायालयाने हे ३०० फुटांचे कलम घटनाबाह्य ठरवले. इंडियानात शाळेच्या आवारात जाण्यास बंदी होती. संडे स्कूल भरते म्हणून चर्च ही ‘शाळा’ ठरत नाही, असा निकाल तिथल्या अपील न्यायालयाने २०१७ मध्ये दिला.

थोडक्यात, न्यायालयांनी दार उघडले. आत कोणत्या अटींवर घ्यायचे, हे चर्चवर सोडले.

क्षमेचा गैरवापर कसा झाला?

बिशप पीटर बॉल यांचे प्रकरण इथे टाळता येत नाही. इंग्लंडच्या ग्लॉस्टरचे हे बिशप १९९३ मध्ये लैंगिक गुन्ह्याबद्दल पोलिसांच्या ताकिदीवर सुटले आणि पदावरून पायउतार झाले. मात्र नंतर त्यांना पुन्हा धार्मिक विधी चालवण्याची परवानगी मिळाली. गुन्ह्यांची खरी व्याप्ती न्यायालयात सिद्ध होऊन त्यांना ३२ महिन्यांची शिक्षा झाली ती २०१५ मध्ये. ब्रिटनमधील स्वतंत्र चौकशी आयोगाच्या २०२० च्या अहवालानुसार, १९४० च्या दशकापासून २०१८ पर्यंत चर्च ऑफ इंग्लंडशी संबंधित धर्मगुरू आणि जबाबदारीच्या जागी असलेले ३९० जण मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरले. आरोप झालेल्यांना अनेकदा पीडितांपेक्षा अधिक आधार मिळाला, असेही अहवालात म्हटले आहे.

म्हणून आज कोणी पाळक ‘प्रभूने क्षमा केली, आपण कोण?’ असे म्हणतो, तेव्हा पीडितांच्या अंगावर काटा येतो. तो येणे रास्तच आहे.

बायबलमध्ये याचे उत्तर आहे?

क्रुसावरील चोराचा दाखला सगळे देतात. जक्कयाचा दाखला कमी जण देतात. फसवून घेतलेले चौपट परत करीन, असे हा जकातदार स्वतःहून म्हणाला होता. सर्वांत जवळचा दाखला मात्र पौलाचा आहे. ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा शौल पालटून यरुशलेमला आला, तेव्हा शिष्य त्याला भ्याले, त्यांचा विश्वासच बसेना. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकानुसार बर्णबाने त्याला सोबत घेतले आणि त्याची हमी दिली. शिष्यांच्या त्या भीतीला तिथे कोणी पाप म्हटलेले नाही.

कॅनडाचा प्रयोग काय होता?

१९९४ मध्ये ऑन्टारियोतील हॅमिल्टन शहरात मुलांवर वारंवार अत्याचार केलेला एक गुन्हेगार पूर्ण शिक्षा भोगून सुटणार होता. पूर्ण शिक्षा भोगल्यामुळे त्याच्यावर पॅरोल अधिकाऱ्याची देखरेखही राहणार नव्हती. तुरुंगातल्या मानसशास्त्रज्ञाने त्याला ओळखणारे मेनोनाइट पाळक हॅरी नाय यांना गाठले. शहरात संताप होता, पोलीस पाळतीवर होते. नाय यांनी आपल्या छोट्या मंडळीतील काही जण जमवले आणि त्याच्याभोवती एक गट उभा केला. त्याला घर शोधून देणे, रोज चौकशी करणे आणि तो कुठे, कोणासोबत असतो यावर लक्ष ठेवणे, ही सगळी कामे याच माणसांनी केली. तो माणूस त्यानंतर दशकाहून अधिक काळ जगला. पुन्हा त्याच्या हातून तसा गुन्हा घडला नाही.

यातूनच ‘सर्कल्स ऑफ सपोर्ट अँड अकाउंटेबिलिटी’ ही पद्धत रुजली. चार ते सहा स्वयंसेवक, मधोमध सुटून आलेला एक जण आणि लेखी करार, असे तिचे स्वरूप. कॅनडात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४४ जणांची तुलना गट न मिळालेल्या ४४ जणांशी केली गेली. लैंगिक गुन्ह्यांची पुनरावृत्ती ८३ टक्क्यांनी कमी आढळली. नमुना लहान होता, निवडही यादृच्छिक नव्हती. मिनेसोटात मात्र १०० जणांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून चाचणी झाली. २०१८ च्या त्या निष्कर्षात लैंगिक गुन्ह्यासाठी पुन्हा अटक होण्याचा धोका ८८ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. १०० हा आकडाही मोठा नाही, पण ‘असले लोक कधीच बदलत नाहीत’ या ठाम समजुतीला तडा द्यायला पुरेसा आहे.

करारात काय असते?

चर्च ऑफ इंग्लंडसह अनेक चर्च आता अशा व्यक्तीशी लेखी करार करतात. ठरलेल्या उपासनेलाच यायचे, ठरलेल्या जागी बसायचे, सोबत नेमलेला माणूस हवा, संडे स्कूलच्या बाजूला फिरकायचे नाही, कुठलेही पद घ्यायचे नाही, असा मजकूर त्यात असतो. अटी मोडल्यास प्रवेश बंद. पीडित व्यक्ती त्याच चर्चमध्ये येत असेल, तर गुन्हेगाराने दुसरे चर्च शोधायचे. माझ्या मते हे शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे. प्रत्यक्षात ‘थोडे समजून घे’ हे पीडितेलाच ऐकवले जाते.

भारतात स्थिती काय?

ग्लॅडिस स्टेन्स यांनी पती आणि दोन मुलांना जाळणाऱ्यांना जाहीरपणे क्षमा केली. तरीही खटला चालला आणि दारा सिंगची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम ठेवली. क्षमा आणि कायदा यांची इथे गल्लत झाली नाही. मात्र रोजच्या व्यवहारात अडचण वेगळी आहे. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद भारतात २०१८ मध्ये सुरू झाली, पण ती फक्त तपास यंत्रणांना दिसते. वसईतील धर्मगुरूला किंवा अहिल्यानगरच्या पाळकाला नव्या सभासदाचा भूतकाळ तो स्वतः सांगेल तेव्हाच कळणार. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, मुलावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाल्यास पोलिसांना कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आलेला माणूस शिक्षा झालेला जुना गुन्हा सांगतो आहे की कोणाला अजून ठाऊक नसलेला नवा, हे पाळकाला त्याच बैठकीत विचारून घ्यावे लागेल.