अणू आणि परिसर यांच्यातील पुंज-गुंतणूक : एक विवेचन

प्रस्तावना :
पुंजयामिकीनुसार अणू एकाच वेळी दोन अवस्थांच्या अध्यारोपणात असू शकतो. मात्र अणूंचीच बनलेली टेबल-खुर्ची अशा द्विधा अवस्थेत कधीच आढळत नाही. हा भेद का, हा प्रश्न अध्यापनात वारंवार उपस्थित होतो. ‘निरीक्षकाने पाहिल्यामुळे अध्यारोपण मोडते’ हे त्याचे प्रचलित उत्तर अपुरे आहे. प्रस्तुत लेखात परिसराशी होणाऱ्या गुंतणुकीच्या आधारे त्याचे स्पष्टीकरण करण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पना :
दोन व्यवस्थांचे वर्णन स्वतंत्रपणे न करता एकत्रितपणेच करावे लागते, त्या स्थितीस श्रोडिंजर यांनी १९३५ मध्ये ‘एंटँगलमेंट’, म्हणजेच गुंतणूक, ही संज्ञा दिली. दोन स्थानांच्या अध्यारोपणात असलेल्या अणूवरून एखादा फोटॉन विखुरला गेल्यास अणूच्या स्थानाची नोंद त्या फोटॉनमध्ये उमटते. ती नोंद कोणी वाचली नाही, तरी अणू आणि फोटॉन परस्परांत गुंततात. परिणामी अध्यारोपणातील सुसंगती नष्ट होत नाही, तर ती संयुक्त व्यवस्थेत पसरते. केवळ अणूवर प्रयोग करणाऱ्यास व्यतिकरण दिसेनासे होते. या प्रक्रियेस ‘डिकोहेरन्स’ म्हणतात. १९७० मध्ये झे यांनी आणि पुढे १९८० च्या दशकात झुरेक यांनी या विचाराची मांडणी केली. मोठ्या वस्तूवर हवेचे रेणू व फोटॉन अखंड आदळत असल्याने तिची सुसंगती जवळजवळ तत्क्षणी लोपते.

प्रायोगिक पुरावा :
१९९६ मध्ये पॅरिस येथे सर्ज हारोश यांच्या गटाने अतिसंवाहक आरशांच्या पोकळीतून रुबिडियमचा अणू पाठवून आतील सूक्ष्मतरंग-क्षेत्र दोन भिन्न कलांच्या अध्यारोपणात आणले. काही काळाने दुसरा अणू पाठवून त्याची तपासणी केली. सुसंगती एकदम न जाता क्रमशः घटते आणि दोन अवस्थांमधील अंतर जितके अधिक, तितकी ती लवकर घटते, असे आढळले. हारोश यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक वाइनलँड यांच्यासमवेत मिळाले.

निष्कर्ष :
व्यतिकरण लोपण्यासाठी मानवी निरीक्षकाची आवश्यकता नाही. परिसराशी होणारी गुंतणूक पुरेशी आहे. क्वांटम संगणकाच्या उभारणीतील मुख्य अडचणही हीच आहे. तथापि, प्रत्येक मोजणीत अनेक शक्यतांपैकी एकच का प्रत्ययास येते, हा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. अध्यापनात ही मर्यादाही विद्यार्थ्यांसमोर स्पष्टपणे मांडणे आवश्यक ठरते.