टाकीत वाळू किती? नऊ लिटर की 'दोन पिशव्या'?

महाड-पोलादपूरकडचा एक प्रश्न ठरलेला: "दादा, फिशटँकला नदीची वाळू चालेल का?"

चालते की. पण नदीच्या कुठल्या अंगाची, ते बघा. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर-महाड करत हरिहरेश्वरजवळ बाणकोट खाडीतून समुद्राला मिळते. वरच्या अंगाला वाळू म्हणजे आपल्या काळ्या कातळाचा, बेसॉल्टचा चुरा. तो पाण्यात सहसा काही सोडत नाही. खाडीच्या तोंडाशी शंख-शिंपल्यांचा चुरा मिसळतो. तो हळूहळू विरघळतो आणि पाणी जड होतं. कारखान्यांच्या खालच्या पात्रातली वाळू मात्र कुणी फुकट दिली तरी मी घेणार नाही.

काळ्या दगडातही पांढरे ठिपके असतात, काही झिओलाइटचे, काही कॅल्साइटचे. कोरड्या वाळूवर व्हिनेगर टाका आणि मोबाइलचा टॉर्च मारून बघा. बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट आहे, ती वाळू नको.

आणि हो, नदीत उतरून गोणी भरू नका. वाळू गौण खनिज आहे, महसूल खात्याच्या परवानगीशिवाय उपसता येत नाही. कुणाच्या घराचं बांधकाम झालं असेल तर उरलेली दोन घमेली मागा. पण क्रश सँड नको. तिच्या कडा धारदार असतात, तळाशी चरणाऱ्या माशांच्या मिशा सोलवटतात. पिठाच्या चाळणीतून गळेल ते टाकायचं, गव्हाच्या चाळणीवर उरेल तेही काढायचं. मधली वाळू नितळ पाणी येईपर्यंत धुवायची.

आता माप. "दोन पिशव्या टाक" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. टाकी २ फूट बाय १ फूट, म्हणजे ६० बाय ३० सेंटिमीटर. वाळू पुढे ३, मागे ७ सेंटिमीटर, सरासरी ५. साठ गुणिले तीस गुणिले पाच, ९००० घनसेंटिमीटर, म्हणजे ९ लिटर. लिटरच्या भांड्याने नऊ मापं घाला, संपलं. वजन भरेल तेरा-चौदा किलो. पाण्या-काचेसकट पाऊण क्विंटल होतं, म्हणजे भिंतीतली फळी विसरा.

हे माप खरं लागतं ते मासा आजारी पडल्यावर. टाकी ३६ सेंटिमीटर उंच असेल तर बाहेरून हिशेब ६५ लिटरचा. पण पाणी आपण ३२ सेंटिमीटरपर्यंतच भरतो. शिवाय ९ लिटर वाळू, कणांमधल्या फटी सोडल्या तरी, साडेपाच लिटर जागा खाते. खरं पाणी उरतं ५२ लिटर. औषध ६५ च्या हिशेबाने टाकलंत तर डोस पाव पट जास्त! लोचसारख्या माशांना तो सोसत नाही.

वाळू घातल्यावर पाणी भरताना बादल्या मोजा, आणि आकडा मार्करने टाकीच्या मागच्या काचेवर लिहून ठेवा.