डाळिंबाच्या खोडातील भुंगेरे : ओळख व बंदोबस्त

माणदेशाच्या मुरमाड माळावर, जेथे बाजरीचाही भरवसा धरता येत नसे, तेथे डाळिंबाने अनेक कुटुंबांना स्थैर्य दिले. सातारा जिल्ह्यातील माण व फलटण आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी व जत या तालुक्यांत 'भगवा' वाणाच्या बागा उभ्या राहिल्या. परंतु २०१९ व २०२० सालच्या परतीच्या अतिवृष्टीनंतर आटपाडी-सांगोला भागातील कित्येक बागा मर रोग व खोडकिडीमुळे उपटून टाकाव्या लागल्या. फळबाग हे एका हंगामाचे पीक नव्हे; ती गेली म्हणजे अनेक वर्षांचे भांडवल व कष्ट गेले. म्हणून या किडीची नीट ओळख असणे अगत्याचे आहे.

दोन शत्रू, दोन रीती

डाळिंबाचे खोड पोखरणारे भुंगेरे मुख्यतः दोन प्रकारचे आढळतात. पहिला लांब मिशांचा व सुमारे ३ सें.मी. लांबीचा असून तो बाभळीवर व द्राक्षवेलीवरही येतो. त्याची अळी आतील लाकूड खाते आणि छिद्रातून जाडसर भुसा व विष्ठा बाहेर टाकते. अशी अळी तारेच्या आकड्याने काढून नष्ट करावी व छिद्र ओल्या चिकणमातीने लिंपून घ्यावे.

दुसरा, झायलेबोरस वंशातील भुंगेरा, जेमतेम २ ते ३ मि.मी. लांबीचा असतो. खोडावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रे व त्यांच्या तोंडाशी पिठासारखा भुसा ही त्याची खूण होय. लाकूड हे त्याचे अन्न नव्हे. मादी आपल्यासोबत बुरशीचे बीजाणू आणते, बोगद्याच्या भिंतींवर ती बुरशी वाढते आणि तीवर अळ्या पोसल्या जातात. जणू हा कीटक झाडाच्या पोटात स्वतःची शेतीच करतो! त्यामुळे खोडातील रसवाहिन्या निकामी होतात, पाने पिवळी पडतात व झाड वाळते. बोगद्यात शिरलेल्या किडीपर्यंत पानांवरील फवारणी पोहोचत नाही.

कीड अशक्त झाडाकडे का जाते ?

मुळांशी पाणी साचून ती गुदमरली, की झाडात मद्यार्क तयार होतो. त्याच्या वासाने माद्या आकर्षित होतात. मर रोगाने, सूत्रकृमींनी किंवा बहरासाठी दिलेल्या अतिरेकी ताणाने खचलेली झाडेही अशीच बळी पडतात. मध्य युरोपात २०१८ च्या अवर्षणानंतर स्प्रूस या सूचीपर्णी वृक्षांची विस्तीर्ण वने साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी वाळवली, तेथेही आधी वृक्ष तहानेने दुबळे झाले होते. तात्पर्य, खोडावरील छिद्र हे बहुधा मुळांच्या दुखण्याचे चिन्ह असते.

उपाययोजना

१. भारी, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत लागवड टाळावी. बागेत चर काढून पावसाच्या पाण्याचा निचरा करावा. टेंभू योजनेमुळे कृष्णेचे पाणी आटपाडीपर्यंत आले आहे. तरीही ठिबकाने, वाफसा पाहूनच पाणी द्यावे.

२. अशक्त झाडावर बहर धरू नये. त्यास शेणखत, संतुलित खते व विश्रांती द्यावी.

३. लागवडीच्या दुसऱ्या वर्षापासून खोडास जमिनीपासून सुमारे दोन फुटांपर्यंत गेरूचा लेप द्यावा. १० लिटर पाण्यात ४ किलो गेरू रात्रभर भिजवावा व त्यात शिफारशीप्रमाणे कीटकनाशक आणि बुरशीनाशक मिसळावे. औषध व मात्रा यांविषयी कृषी विद्यापीठाचा किंवा सोलापूर येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा चालू सल्ला घ्यावा.

४. दर पंधरवड्यास खोडाचा बुंधा तपासावा. पूर्ण वाळलेली झाडे मुळांसह काढून तत्काळ जाळावीत. सरपणासाठी ती बांधावर रचून ठेवल्यास त्याच लाकडातून भुंगेऱ्यांची नवी पिढी बाहेर पडते व शेजाऱ्याची बागही धोक्यात येते.

ही कीड उडून बांध ओलांडते. एकट्याने केलेला बंदोबस्त म्हणून अपुरा पडतो. गावातील सर्व बागायतदारांनी एकाच वेळी वरील उपाय योजणे इष्ट होय.