एका थेंबामागे किती कायदे!

मृगाच्या पावसाचा एक थेंब बीड शहरातल्या एखाद्या गच्चीवर पडतो, आणि पडता क्षणी कायद्याच्या हद्दीत येतो. घर नवे असेल आणि भूखंड पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल, तर हे पाणी साठवायची किंवा जमिनीत मुरवायची सोय केलेली असावी, असे बांधकामाचे नियम सांगतात. पन्हळीतून निसटून ते रस्त्याकडेच्या नालीत गेले, तर नगरपरिषदेचा कायदा लागू होतो. नालीतून बिंदुसरा नदीत पोचले की १९७४ चा जलप्रदूषण कायदा, वाटेतच जमिनीत मुरले तर भूजलाचा कायदा. आणि अंगणातल्या कडुनिंबाने मुळांनी ओढून घेतले, तर तो कडुनिंब तोडायचा की नाही हे ठरवणारा १९७५ चा झाडांचा कायदा.

पाणी एकच, सलग वाहणारे. त्याच्यावरचा कायदा मात्र तुकड्या-तुकड्यांचा. हे तुकडे कुणी ठरवून पाडलेले नाहीत. जेव्हा जे डोळ्यांत खुपले, तेव्हा त्यापुरता कायदा झाला. नद्यांचे पाणी बिघडू लागले तेव्हा महाराष्ट्राने १९६९ मध्ये, म्हणजे केंद्राच्याही आधी, स्वतःचा जलप्रदूषण कायदा केला. आजचे प्रदूषण नियंत्रण मंडळ त्याच कायद्याखाली ७ सप्टेंबर १९७० रोजी जन्मले. केंद्राचा हवेचा कायदा आला १९८१ मध्ये. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची वायुदुर्घटना घडली, आणि या सुट्या कायद्यांच्या मधल्या फटी सगळ्या देशाला दिसल्या. मग १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. तो सगळ्यांना छत्रासारखा व्यापणारा खरा, पण त्याच्या छायेत पुन्हा नियमांची नवी रोपे उगवलीच. आवाजाचे नियम २००० चे, घनकचऱ्याचे २०१६ चे, आणि राज्याची प्लास्टिकबंदी मार्च २०१८ ची.

एका चिंचेच्या झाडाचे उदाहरण पाहा. शहराच्या हद्दीत असेल, तर तिला १९७५ चा नागरी झाडांचा कायदा लागू. तीच चिंच शिवेपलीकडे रानात असेल, तर १९६४ चा वृक्षतोड कायदा लागू, कारण त्याच्या यादीत साग, मोह, आंबा यांच्या जोडीने चिंच आहे. नागरी कायद्यात २०२१ साली एक सुधारणा झाली, ती मला विलक्षण वाटते. पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला तिने वारसा वृक्ष ठरवले, आणि झाड तोडायची परवानगी मिळालीच, तर त्याचे वय जितके, तितकी नवी झाडे लावण्याचे बंधन घातले. साठ वर्षांच्या चिंचेमागे साठ रोपे. काळ मोजून भरपाई मागणारा कायदा आपल्याकडे आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

हे विखुरलेले नियम एकत्र बांधता येतील का? असे काम बीडने याआधीही पाहिले आहे, तेही दोनदा. पहिली हकिकत राजकीय नकाशाशी बांधलेली आहे. बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, १७ सप्टेंबर १९४८ नंतर भारतात आले, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाड्यासह मुंबई राज्यात गेले. त्याच १९५६ साली, विसर्जन डोळ्यांसमोर असताना, हैदराबाद राज्याने आपल्या जिल्ह्यांतल्या नगरपालिकांसाठी नवा कायदा केला. राज्य गेले, कायदा उरला. पुढे महाराष्ट्र झाला तेव्हा मराठवाड्यातल्या शहरांना हा हैदराबादी कायदा, विदर्भातल्या शहरांना मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९२२ चा आणि पश्चिम महाराष्ट्राला मुंबई इलाख्याचे १९०१ व १९२५ चे, असा कारभार होता. नाली तुंबली तर जबाबदारी कोणाची, हे बीडमध्ये एका पुस्तकात पाहायचे, अमरावतीत दुसऱ्या आणि साताऱ्यात तिसऱ्या. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने हे सारे रद्द करून एकच कायदा दिला. साफसफाई, नाल्या, पिण्याचे पाणी, मेलेल्या जनावरांची विल्हेवाट असे सगळे त्यात आले. पर्यावरण हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता, काम मात्र तेच होते.

दुसरी वेळ अगदी अलीकडची, डिसेंबर २०२०. त्याआधी बांधकामाचे नियम महानगरपालिकांचे वेगळे, अ, ब, क वर्ग नगरपरिषदांचे वेगळे, प्रादेशिक योजनांचे वेगळे. एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने मुंबई आणि मोजके अपवाद सोडून सगळ्या राज्याला एकच नियमावली दिली. लोक तिच्यात एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) किती ते शोधतात. पण मला तिचे खरे नवल वाटते ते असे, की पावसाचे पाणी, सांडपाण्याचा पुनर्वापर, सौरऊर्जा आणि घनकचरा हे सगळे तिच्या एकाच प्रकरणात शेजारी-शेजारी आहे. घराचा नकाशा मंजूर करून घ्यायला गेलेल्या माणसापुढे पर्यावरण आपोआप येते. त्याला प्रदूषण मंडळाची पायरी चढावी लागत नाही.

पावसाचे पाणी साठवण्याच्या नियमामागचे गणितही पाहण्यासारखे आहे. बीडकडे वर्षाचा पाऊस साडेसहाशे मिलिमीटर धरला, तर शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर पासष्ट हजार लिटर पाणी पडते. दहा-बारा हजार लिटरचे पाच-सहा टँकर झाले हे! बाष्पीभवनात आणि वाहून काही जाईल. तरी ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात गल्लोगल्ली टँकरची वाट पाहतात, तिथे अशा प्रत्येक गच्चीवर एवढे पाणी येऊन जाते.

याच नियमावलीत दोन रेषा आहेत, निळी आणि लाल. पंचवीस वर्षांत सरासरी एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी पूररेषा, आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्याची लाल. नदीकाठ ते निळी रेषा या पट्ट्यात घर बांधायला बंदी. बाग, वाहनतळ, उघडा भाजीबाजार असले वापर चालतात. दोन रेषांच्या मधे घर बांधायचे, तर जोते लाल रेषेच्या पातळीहून ४५ सेंटिमीटर उंच हवे. पंचवीस वर्षांत एकदा हे ऐकायला दूरचे वाटते. पण त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात चार इतकी शक्यता. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात सत्तर होते. जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेच्या पुराने शहरातल्या वस्त्यांत माणसे आणि संसार वाहून नेले. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी नदी आपली जागा विसरत नाही. म्हणून तिची जागा कागदावर आखून ठेवायची.

मला सर्वांत मोहवतो तो भूजलाचा कायदा. १९९३ चा जुना कायदा सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून पाचशे मीटर अंतर मोजत असे. २००९ च्या कायद्याने पाहण्याची रीतच बदलली. त्याने गावाची किंवा तालुक्याची शीव बाजूला ठेवून पाणलोट हे एकक धरले, आणि अधिसूचित क्षेत्रात साठ मीटरपेक्षा खोल बोअर घेण्यास मनाई केली. इथला काळा पाषाण म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात पाणी मावते ते वरच्या मुरमात आणि भेगांत. जितके खोल जावे तितका खडक घट्ट आणि पाणी दुर्मीळ, म्हणून शेजाऱ्याच्या खोल बोअरने आपला आड आटतो. शहराच्या दक्षिणेला सोलापूर रस्त्याजवळची खजाना विहीर याच खडकाची नस ओळखून बांधलेली आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, अहमदनगरच्या निजामशाहीतल्या सलाबतखान या सरदाराने ती करवून घेतली, आणि जमिनीखालच्या वाटांनी तिचे पाणी उताराने शेतांकडे नेले.

मग बीडचे सगळे पर्यावरण-नियम एका पुस्तकात येतील का? जगात असे झाले आहे. स्वीडनने १ जानेवारी १९९९ पासून पंधरा कायदे एकत्र करून एक पर्यावरण संहिता लागू केली. नगरपरिषदेला संसदेचे कायदे बदलता येत नाहीत. पण तिला उपविधी करता येतात, आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी वनीकरण आणि पर्यावरण संरक्षण ही शहराची कामे म्हणून नोंदलेली आहेत. झाड तोडण्यापासून बोअर घेण्यापर्यंत कुठला अर्ज कुठे द्यायचा, कुठे बांधायचे नाही, कचरा वेगळा कसा द्यायचा, हे एका उपविधीत, सोप्या मराठीत मांडायला कुणाची आडकाठी नाही. मला विचाराल तर हे व्हावेच, आणि लवकर व्हावे. आज ज्याला नियम पाळायचा आहे, त्यालाच तो शोधत चार कार्यालयांतून फिरावे लागते.

अडचण एकच उरते, ती हद्दीची. उपविधी नगरपरिषदेच्या शिवेवर थांबतो. बिंदुसरा उगम पावते बालाघाटच्या डोंगरात, पालीजवळ धरणात अडते, शहरातून जाऊन सिंदफणेला मिळते, आणि सिंदफणा मंजरथजवळ गोदावरीला. शहराला पाणी देणारे डोंगर आणि शहराचे सांडपाणी झेलणारी गावे दोन्ही हद्दीबाहेर. म्हणून असे पुस्तक लिहायला बसणाऱ्यांनी पहिल्या पानावर शहराचा नकाशा न लावता बिंदुसरेच्या पाणलोटाचा लावावा, आणि पालीकडच्या ग्रामपंचायतींना मसुदा करतानाच बोलावून घ्यावे.