लसूण, सदरा आणि डॉक्टरकी

पहिल्या सत्रातला पहिला गृहपाठ असा होता: घरातलं रोजचं एखादं काम निवडा आणि त्याची फोड करून आणा. वर्गातल्या कुणी टोस्ट निवडला, कुणी बुटाची नाडी. मी लसूण सोलणं निवडलं आणि लिहिलं, गड्डा फोडायचा, पाकळी वेगळी करायची, टोक खुडायचं, साल ओढायची. चार ओळी. कागद परत आला तेव्हा समासात शिक्षिकेचे प्रश्न माझ्या उत्तराच्या तिप्पट होते. गड्डा कुठे होता, फडताळात की टोपलीत? तिथपर्यंत हात जायला खांदा किती वर उचलावा लागला? पाकळी धरणारा हात कोणता, सोलणारा कोणता? साल सुटली हे डोळ्यांनी कळलं की बोटांना? वासानं मळमळणारा रुग्ण असेल तर? तुमच्या घरी हे काम कोण करतं, उभ्यानं की बसून, आणि ते करताना गप्पा चालू असतात का?

दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा नऊ पानं झाली. शेवटचं पान होतं काम सोपं-अवघड करण्याचं. सोपं करायचं तर मोठ्या पाकळ्या घ्या, कोमट पाण्यात भिजवा, बसून करू द्या. अवघड करायचं तर बारीक गावठी लसूण, उभ्यानं, शेजारी कुणी बोलत असताना. आमच्या विषयाचं सगळं बळ या शेवटच्या पानात असतं, हे कळायला मला पुढची दोन वर्षं लागली.

विषयाचं नाव ऑक्युपेशनल थेरपी. मराठीत व्यवसायोपचार. फलटणला आईला शेजारच्या काकांनी विचारलं, "म्हणजे लोकांना नोकऱ्या लावून देते का?" त्यांना हसण्यात अर्थ नाही, अमेरिकेतही लोक हेच विचारतात. इथे 'व्यवसाय' म्हणजे माणसाचा दिवस ज्या कामांनी भरतो ती सगळी कामं, दात घासण्यापासून पत्ते पिसण्यापर्यंत. आजारानं किंवा अपघातानं त्यातली जी सुटली ती माणसाच्या हाती परत द्यायची, आणि उपचाराचं साधन म्हणूनही तीच कामं वापरायची. १९१७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज गावी सहा जणांनी या पेशाची संघटना स्थापली. त्यातला जॉर्ज बार्टन वास्तुरचनाकार होता. त्याची स्वतःची डावी बाजू लुळी पडली होती, आणि बागकाम, सुतारकाम करत तो सावरला होता.

हा इतिहास वाचता वाचता ग्रंथालयात मला कमलाबाई निंबकर सापडल्या. मूळच्या अमेरिकन, फिलाडेल्फियात हेच शिक्षण घेतलेल्या. १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी भारतातली व्यवसायोपचाराची पहिली शाळा सुरू केली. फलटणला 'कमला निंबकर बालभवन' या शाळेवरून मी कित्येक वर्षं सायकल मारत गेले. पाटीवरच्या बाई कोण, हे कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं.

भारतात हे शिक्षण बारावीनंतर पदवीपासूनच सुरू होतं. अमेरिकेत आधी कुठलीही पदवी, मग या विषयाची मास्टर्स किंवा डॉक्टरेट. माझी पुण्यातली बी.एस्सी. प्राणिशास्त्रातली. लग्नानंतर अमेरिकेत आल्यावर मानसशास्त्र, संख्याशास्त्र असे राहिलेले विषय पुरे केले आणि तेहेतिसाव्या वर्षी तीन वर्षांच्या डॉक्टरेटला बसले. ही पीएच.डी. नव्हे. प्रबंध लिहून संशोधक होण्याची वाट वेगळी, ही रुग्णाजवळ उभं राहण्याची.

शरीररचनेच्या तासाला देहदान केलेल्या एका वृद्ध स्त्रीचा हात आम्हा चौघींकडे होता. मनगटाच्या अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो, हे पुस्तकात पाठ केलं होतं. पण बोटात खरी गंमत पुढे आहे. बोट वाकवणाऱ्या दोन कंडरांपैकी वरची मधल्या पेराशी पोचण्याआधी मधोमध चिरली जाते आणि खालची त्या चिरेतून पार होऊन टोकाच्या पेराला जाते, सुईच्या नेढ्यातून दोरा जावा तशी. मी ती चिमट्यानं ओढली आणि त्या बाईंचं तर्जनीचं टोक वाकलं. कुणी काही बोललं नाही. त्या दिवशी घरी येऊन कुलपात किल्ली फिरवताना मी स्वतःच्या बोटांकडे बघत दारातच उभी राहिले.

स्प्लिंट बनवण्याच्या तासानं मात्र माझा अभिमान उतरवला. प्लास्टिकचा पत्रा सत्तरेक अंश सेल्सिअसच्या पाण्यात टाकला की मिनिटाभरात पोळीच्या कणकेसारखा लोळतो. तो हातावर घेऊन, मनगट जरा वर उचललेलं, अंगठा मोकळा अशा स्थितीत दोन-तीन मिनिटांत बसवायचा, मग तो घट्ट होतो. माझ्या पहिल्या स्प्लिंटला शिक्षिकेनं हातात उलटसुलट करून विचारलं, "यात हात कुठे ठेवायचा?" दुसरा बरा दिसत होता. वीस मिनिटं घालून काढला तर मनगटाच्या करंगळीकडच्या हाडाच्या उंचवट्यावर लालभडक वळ. युक्ती साधी होती: त्या हाडावर आधी स्पंजाची गादी ठेवायची आणि तिच्यावरून पत्रा बसवायचा, म्हणजे जागा आपोआप राहते. मागाहून आत गादी चिकटवली तर दाब उलट वाढतो. असा सहावा स्प्लिंट पास झाला. पहिले पाच माझ्या कपाटात अजून आहेत.

खरं शिक्षण सुरू झालं ते रुग्णालयात. पूर्ण वेळची चोवीस आठवड्यांची उमेदवारी असते, बहुधा बारा-बारा आठवड्यांच्या दोन ठिकाणी. माझं पहिलं ठिकाण पक्षाघाताच्या रुग्णांचं पुनर्वसन केंद्र. तिथले माझे पहिले रुग्ण निवृत्त ट्रकचालक, डावी बाजू कमजोर झालेले, आणि मेंदूचं डावीकडचं लक्षच उडालेलं. ताटातला उजवा अर्धा भाग खाऊन ते तक्रार करत, की बटाटे वाढलेच नाहीत. बटाटे डावीकडे असायचे. ताट फिरवून देणं मला सहज सुचलं, पण मी ज्यांच्या हाताखाली होते त्या बाईंनी तसं करू दिलं नाही. त्यांनी ट्रेच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली आणि त्यांना सांगितलं, लाल दिसेपर्यंत मान वळवायची, मग जेवायला लागायचं.

दुसऱ्या आठवड्यात सदरा. नियम साधा आहे: घालताना कमजोर हात आधी, काढताना कमजोर हात शेवटी. त्यांनी सदरा मांडीवर पसरला, उजव्या हातानं डाव्या हाताला बाहीत ढकलायला लागले. बाही कोपराशी अडकली. ते ओढत होते, थांबत होते, शिवी हासडत होते. चार मिनिटं, सात मिनिटं. नकळत माझा हात पुढे गेला आणि मी बाही वर सरकवली. बाई काही बोलल्या नाहीत. सत्र संपल्यावर मला कोपऱ्यात नेलं आणि म्हणाल्या, "उद्या हात खिशात घालून उभी राहा."

आमच्या नोंदींत मदतीला माप असतं. तीन चतुर्थांश किंवा जास्त जोर रुग्णानं लावला तर 'किमान मदत', निम्म्यापासून तीन चतुर्थांशापर्यंत 'मध्यम'. त्या दिवशी माझ्या एका सरकवण्यानं त्यांच्या नावावर 'मध्यम' लागलं. पुढच्या दिवशी मी हात खिशात घातले. सदरा बावीस मिनिटांत चढला, एक बटण चुकीच्या काजात. बाईंनी ते तसंच राहू दिलं. जेवणाच्या खोलीत त्यांच्या बायकोनं ते बटण पाहिलं आणि विचारलं, "हे तू केलंस?"

त्या रात्री मला आजोबांची आठवण झाली. मी दहावीत असताना त्यांना अर्धांगाचा झटका आला. घरात दोन काकू, आई, आत्या. सेवेला तोटा नव्हता. वरणभात कालवून भरवला जायचा, सदरा चढवला जायचा, चूळसुद्धा कुणीतरी भरवायचं. ते पुढे अकरा वर्षं जगले, आणि त्यांचा डावा हात मांडीवर घडी घातलेल्या पंचासारखा पडून राहिला. तो परत आला असता असा माझा दावा नाही. पण धडधाकट उजव्या हातानं ते सदरा नक्की घालू शकले असते, आणि आम्ही त्यांना तो घालू दिला नाही. गावात सगळे म्हणायचे, नशीबवान म्हातारा.

उमेदवारीचं दुसरं ठिकाण वृद्धांचं शुश्रूषागृह होतं. त्याबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण तिथे शिकण्यापेक्षा धावणं जास्त झालं. तिथला उपचार पंधरा मिनिटांच्या हिशेबात मोजला जाई. आठ मिनिटं भरली तर एका हिशेबाचे पैसे, सात झाली तर नाही. दिवसाचा किती भाग 'बिलात बसला' याची टक्केवारी दर संध्याकाळी भिंतीवर लागे. सदऱ्याला बावीस मिनिटं देणारी माझी पहिली गुरू तिथे टिकली नसती. मी बारा आठवडे काढले आणि नोंदी लिहायला जेवणाची सुट्टी वापरायला शिकले. कौशल्य म्हणून हे कुठेही शिकवत नाहीत.

आता डॉक्टरेटचं. २०१७ मध्ये इथल्या शिक्षणक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळानं जाहीर केलं, की २०२७ पासून या पेशात शिरायला डॉक्टरेटच लागेल. फिजिओथेरपीवाले आधीच तिकडे गेले होते. गदारोळ झाला आणि २०१९ मध्ये दोन्ही दारं उघडी राहतील असं ठरलं. म्हणजे मास्टर्सवाला आणि मी, दोघांचीही उमेदवारी चोवीस आठवड्यांची, परीक्षा तीच चार तासांची, उत्तीर्ण व्हायला गुण तेच साडेचारशे, परवाना तोच. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत पगाराचा आकडाही दोघांना एकच सांगितला गेला. माझ्यावर कर्ज तेवढं जास्त. भारतातून इकडे येऊ पाहणाऱ्या मुली मला विचारतात तेव्हा मी हेच सांगते: नावामागे 'डॉक्टर' लागावं म्हणून येत असाल तर येऊ नका. रुग्णासमोर तसंही पहिल्या वाक्यात सांगावं लागतं, की मी तुमची डॉक्टर नाही.

जास्तीचं जे मिळतं ते शेवटचे चौदा आठवडे, ५६० तास. एखादा प्रश्न स्वतः निवडायचा आणि एका संस्थेत राहून त्यावर काम करायचं. माझ्यापुरतं बोलायचं तर कर्जाचं चीज तिथे झालं. मी न्यू जर्सीत, एडिसनच्या बाजूला, भारतीय वृद्धांच्या एका दिवसभराच्या केंद्रात गेले. इंग्रजी प्रश्नावलीत विचारलेलं असायचं: टबात उतरता येतं का, चेकबुक सांभाळता येतं का. मला मांडी घालून बसणं, देवापुढे निरांजन लावणं, बादलीतून मग भरून घेणं, पोळी लाटणं, जपमाळ ओढणं यांची प्रश्नावली करायची होती.

तिथे सांगलीकडच्या एक काकू होत्या. झटक्यानं उजवा हात कमजोर झालेला. मूठ वळत होती, चिमूट होत नव्हती. आमचं पाठ्यपुस्तक म्हणतं, डाव्या हातानं खायला शिकवा. काकू म्हणाल्या, "डावा हात अन्नाला लावू? त्यापेक्षा उपाशी बरी." जाड मुठीचा चमचा दिला, तर तो त्यांनी बाजूला ठेवला. "पोळी चमच्यानं खातात का गं?"

मग लसणाचं शेवटचं पान आठवलं. दहीभाताचा गोळा अख्ख्या मुठीनं उचलता येतो, तिथून सुरुवात केली. कोपर टेकेल इतकं टेबल उंच केलं, काठाचं ताट, ताटाखाली न सरकणारी चटई. चौथ्या आठवड्यात खिचडी, जिला बोटांची टोकं जवळ आणावी लागतात. नंतर भाकरी. भाकरी दाबली की मोडते, पोळी मात्र एका बाजूनं दाबून धरून दुसऱ्या बाजूनं तोडावी लागते. म्हणून पोळी शेवटी. विद्यापीठातल्या माझ्या मार्गदर्शकांना अहवालातला हा तक्ता वाचून भाकरी आणि पोळीतला फरक कळेना. मी दोन्ही करून नेल्या. त्यांनी एका हातानं तोडून बघितल्या आणि तक्त्यात बदल सुचवला नाही.

बाराव्या आठवड्यात काकूंच्या हातून पोळीचा पहिला घास तुटला. चौदाव्यापर्यंत अर्धी पोळी होत होती, उरलेली सून तोडून द्यायची. नोंदीत मी 'मध्यम मदत' लिहिलं, आणि तेच खरं होतं.

महाराष्ट्रात कुणाच्या घरी असा रुग्ण असेल तर डिस्चार्जच्या कागदावर बहुतेक वेळा फक्त फिजिओथेरपी लिहिलेली असते. व्यवसायोपचार विभाग कुठे आहे, ते विचारून घ्या. मुंबईत के.ई.एम., सायन आणि नायर या रुग्णालयांत तो आहे, हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत आहे, नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातही आहे. जाताना रुग्णाचा रोजचा, बटणांचा सदरा बरोबर न्या.