गाविलगड : उघड्यावरचं युद्धसंग्रहालय

मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी नॅरोगेज 'शकुंतला' जिथं थांबायची, तिथून पुढं सातपुड्याचा घाट लागतो. वर चिखलदऱ्याला खेटून गाविलगड उभा आहे.

बांधणी : बहामनी सुलतान अहमदशाह वली, 1425-26 च्या सुमारास.

लढाई : 29 नोव्हेंबर 1803 रोजी अडगावला नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि इंग्रज भोसल्यांच्या ताब्यातल्या या गडाकडे वळले. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं दक्षिणेकडून हुलकावणी दिली. कर्नल स्टीव्हन्सननं मात्र रानातून वाट काढत, तोफा ओढून गडाच्या उत्तरेला आणल्या. 15 डिसेंबरला बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारातून हल्ला झाला. आतला तट मात्र शाबूत होता. कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीनं शिड्या लावून तो ओलांडला व आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला.

परिणाम : दोनच दिवसांत, 17 डिसेंबरला, भोसले व इंग्रज यांच्यात देवगावचा तह झाला. याच वेलस्लीनं पुढं, 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं.

काय पाहाल? दिल्ली दरवाजावरचं दोन तोंडांच्या गंडभेरुंडाचं शिल्प, मशीद, तलाव आणि तटबंदीवर ऊन-पाऊस झेलत असलेल्या लांबलचक तोफा.

या तोफांना काचेची कपाटं नाहीत, दोरखंडाचं कुंपणही नाही. म्हणून त्यांच्यावर चढू नका, नावं कोरू नका. वऱ्हाडच्या इतिहासाचा हा अस्सल पुरावा आहे.